घाण्याला जुंपणे म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : मी टॉवेलच्या कारखान्यात आहे, डबल ड्युटी करून घरी आलो की आई म्हणती "काय रे, घाण्याला जुंपल्यावानी राबायलास". आता पोरगी विचारती, पप्पा, घाण म्हणजे कचरा ना, मग त्याला कोण कशाला जुंपेल? जरा सांगा की. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : पोरीचा प्रश्न भारीय, पण ह्या घाण्याचा कचऱ्याशी काही संबंध नाही. घाणा म्हणजे तेल काढायचं यंत्र. आपल्याकडं करडई, तीळ, शेंगदाणे सगळं त्यातच गाळायचे. खाली मोठं उखळ, त्यात उभी लाट, म्हणजे जाड लाकडी दांडा, लाटेला आडवं लाकूड आणि त्या लाकडाला बैल, आडव्या लाकडावर वजन म्हणून दगड ठेवायचे नाहीतर माणूसच बसायचा, आणि बैल गोल गोल फिरला की लाट फिरायची, दाणे रगडले जायचे, तेल एकीकडं आणि पेंड एकीकडं. बैलाच्या डोळ्यावर झापडं बांधायचे, म्हणजे त्याला चक्कर येऊ नये आणि पेंडीकडं त्याचं लक्ष जाऊ नये. "डोळ्याला झापडं लावलीत का" असं आपण म्हणतो ना, ते चित्र पण असंच.

म्हणून ह्याचा अर्थ नुसता "लई कष्ट" एवढाच नाही. दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी तिथंच, असा तो कष्ट, आणि मला विचाराल तर खरी मेख "जुंपणे" मधी आहे, कारण बैल स्वतःहून जुंपून घेत नाही, दुसरा कुणीतरी जुंपतो. आईबापानं लेकरांसाठी "हाडाची काडं केली" म्हणतो तेव्हा त्यात कौतुक असतं, घाण्यात कौतुक कुठंय, त्यात कीव असती नाहीतर मालकावरचा राग. उलटं टोक म्हणजे "पाट्या टाकणे", काम केल्यासारखं दाखवून वेळ काढायचा, ते तुमच्या आईनं म्हटलं असतं तर मात्र भांडायला हरकत नव्हती!

संत तुकारामांचे टाळकरी संताजी जगनाडे, चाकणचे, ते तेलीच होते, घाणा चालवता चालवता अभंग म्हणायचे असं वारकरी सांगतात.

बाकी पोरीला सांगा, भज्यांचा एकेक घाणा काढतो तो शब्द पण हाच, आणि लग्नाआधी मुसळाला आंब्याची पानं बांधून बायका "घाणा भरतात" तो पण. आता मोटरवर फिरणाऱ्या घाण्याचं तेल "लाकडी घाणा" अशी पाटी लावून महाग विकतात, बैल तेवढा सुटला.