सह्याद्रीमुळे पुणे परिसराचा इतिहास आणि अर्थकारण कसं घडलं?
आधी पाऊस बघा. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास आणि तिथून साधारण ६५ किलोमीटरवरच्या पुण्यात जेमतेम ७००-७५०. ढग घाटमाथ्यावरच रिते होतात. म्हणून मावळात भात, तर शिरूर-बारामतीकडे ज्वारी-बाजरी. तिकडे ऊस पोचला तो कालव्यांमुळे. कोकणातल्या बंदरांवरून देशावर चढायला वाटा मोजक्याच, त्यामुळे सातवाहनकाळी नाणेघाट आणि जुन्नर भरभराटीला आले. काळ्या कातळाचे उभे कडे म्हणजे आयता तट. शिवरायांनी तेच आपलं बळ केलं. मला मात्र सगळ्यात भावतं ते घाटातलं पाणी. लोणावळ्याच्या तलावांतून ते खोपोलीला खाली सोडून १९१५ मध्ये वीज तयार होऊ लागली आणि मुंबईच्या गिरण्या त्यावर फिरल्या.