ओव्हरड्राफ्ट बंद झाला म्हणून घर गहाण टाकावे का?

पेडणे तालुक्यातील एका वाचकाचा मोरजी आणि मांद्रे येथील गेस्टहाऊसांच्या चादरी व टॉवेल धुऊन देण्याचा व्यवसाय आहे. यंत्रांच्या तारणावर त्यांना 6 लाख रुपयांचा ओव्हरड्राफ्ट (खात्यात शिल्लक नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत, म्हणजे लिमिटपर्यंत, पैसे काढण्याची सोय) मिळाला होता आणि त्यापैकी 5 लाख 40 हजार रुपये 12 टक्के व्याजाने वापरलेले आहेत. वार्षिक नूतनीकरणाच्या वेळी उलाढाल घटल्याचे कारण देऊन बँकेने 30 जूनपासून लिमिट रद्द केल्याचे आणि सर्व रक्कम भरण्याचे पत्र दिले आहे. याखेरीज त्यांच्या टेम्पोचा 11,400 रुपयांचा हप्ता चालू आहे आणि क्रेडिट कार्डावर 1 लाख 10 हजार रुपये थकले आहेत. खाजगी वित्त कंपनीचे 24 टक्क्यांचे कर्ज घ्यावे, पत्नीचे सोने तारण ठेवावे की वडिलोपार्जित घर गहाण टाकावे, असे त्यांनी विचारले आहे.

आपले पत्र वाचताना एक गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली. आपण तीनही पर्याय बँकेचे पैसे एकरकमी फेडण्यासाठीच शोधले आहेत. बँकेकडून मुदत मागण्याचा विचार पत्रात कुठेच नाही. ओव्हरड्राफ्ट मागणी होताच परत करावयाचे कर्ज असते, त्यामुळे लिमिट काढून घेण्याचा अधिकार बँकेला आहे, हे खरे. तथापि कर्ज परत मागण्यापूर्वी करारात ठरलेली, आणि करारात काही ठरलेले नसल्यास वाजवी मुदतीची, सूचना द्यावी असे रिझर्व्ह बँकेच्या उचित व्यवहार संहितेत म्हटलेले आहे. म्हणून मंजुरीपत्र काढून त्यातील नोटिशीचे कलम आधी वाचावे.

आता दिवसांचा हिशेब पाहू. ओव्हरड्राफ्ट खात्यावरील बाकी मंजूर मर्यादेपेक्षा सलग 90 दिवस जास्त राहिली की ते खाते अनुत्पादित, म्हणजे एनपीए (बँकेच्या लेखी थकलेले कर्ज), ठरते. तीस दिवस उलटले की बँक त्याची नोंद ताणाखालील खाते म्हणून करू लागते. आपली मर्यादा 30 जूनला शून्यावर आली, तर हे 90 दिवस सप्टेंबरअखेर संपतात, म्हणजे चवथीचा खर्च होऊन गेलेला असतो आणि पर्यटनाचा हंगाम अजून सुरू झालेला नसतो. वर्षातील सर्वांत कोरडा काळ तोच, आणि म्हणूनच कागद जुलैत हलले पाहिजेत. सप्टेंबरात धावपळ करून उपयोग होणार नाही.

बँकेकडे लेखी अर्ज करून या 5 लाख 40 हजारांचे पाच वर्षांच्या मुदत कर्जात रूपांतर मागावे, ऑक्टोबरअखेरपर्यंत केवळ व्याज आणि नोव्हेंबरपासून हप्ता, अशा अटीवर. याच दराने हप्ता सुमारे 12,000 रुपये येतो. खाजगी कंपनीच्या तीन वर्षांच्या कर्जाचा हप्ता 21,200 रुपयांच्या घरात जातो आणि तो पहिल्याच महिन्यापासून, भर पावसात, द्यावा लागतो. आपल्या आकड्यांनुसार हंगामात खर्च वजा जाता 75,000 रुपये उरतात, पावसाळ्यात मात्र 28,000 रुपयेच, आणि घरखर्च 22,000 रुपयांचा आहे. टेम्पोचा हप्ता आधीच झेपत नसताना त्यात 21,200 रुपयांची भर घातली, तर दोन महिन्यांत आपण दोन्हीकडे थकाल. हा पर्याय मी पूर्णपणे नाकारतो.

आपली उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल, तर अर्जात तिचा क्रमांक द्यावा. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी रिझर्व्ह बँकेने 2016 मध्ये घालून दिलेल्या चौकटीनुसार, खाते थकीत होण्याची वाट न पाहता उद्योजक स्वतःहून बँकेकडे अशी मागणी करू शकतो. अर्जासोबत गेल्या दोन हंगामांची बिले जोडावीत, कारण उत्पन्न बारमाही समान नसले तरी दरवर्षी परत येते, हे बँकेला आकड्यांतून दिसायला हवे. दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज लावता येत नाही, हा 2024 पासून लागू असलेला नियम लक्षात ठेवून खाते उतारा तपासावा. तक्रारीला बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

मुदत कर्ज मिळाले तरी पावसाळ्याची तूट उरतेच. घरखर्च, टेम्पोचा हप्ता आणि बँकेचे 5,400 रुपये व्याज मिळून महिन्याला सुमारे 10,800 रुपये कमी पडतात. आपल्याच पत्रात गेस्टहाऊसांकडून 1 लाख 35 हजार रुपये येणे असल्याचा उल्लेख जाता जाता आला आहे, पण माझ्या दृष्टीने तो पत्रातील सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. सूक्ष्म व लघुउद्योगांचे येणे खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावे आणि उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे, असे 2006 चा कायदा सांगतो. पुढच्या हंगामात हेच ग्राहक हवे असल्याने लगेच कायदा दाखवू नये. नियमाची नोंद असलेले बिल पाठवून, स्वतः भेटून, निम्मी रक्कम जरी आणली तरी चार महिने निघून जातात.

सोन्याबाबत माझे मत वेगळे आहे. बँकेची सगळी बाकी फेडण्यासाठी पत्नीचे दागिने काढू नयेत. पण त्या मनापासून तयार असतील, तर कार्डाच्या 1 लाख 10 हजारांपुरते सोनेतारण कर्ज घेणे योग्य ठरेल. दरमहा साडेतीन टक्क्यांनी कार्ड आपल्याकडून 3,850 रुपये व्याज घेते, तर वार्षिक 10 टक्क्यांच्या सोनेतारणाला सुमारे 920 रुपये पुरतात. त्यानंतर ते कार्ड वापरू नये.

घराविषयी मी ठामपणे सांगतो की ते यात आणू नये. वडिलांच्या पश्चात वारसांची वाटणी झालेली नाही, असे आपण लिहिता. गोव्याच्या नागरी कायद्यात, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि वारशाने आलेला हिस्साही त्यात मोडतो. त्यामुळे केवळ भाऊ आणि बहीणच नव्हे, तर त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतील. व्यवसायाच्या साडेपाच लाखांच्या कर्जासाठी इतक्या जणांचे छप्पर पणाला लावण्याचे कारण मला दिसत नाही.

एक काम मात्र याच आठवड्यात करावे. टेम्पोचा हप्ता ओव्हरड्राफ्टच्या खात्यातूनच कापला जातो. लिमिट गेले की तो परत जाईल, आणि हप्ता परत जाणे कायद्याने चेक न वटण्याइतकेच गंभीर आहे. दुसऱ्या बँकेत बचत खाते उघडून घरखर्च आणि टेम्पोचा हप्ता तिकडे वळवावा. व्यवसायाची जमा मात्र जुन्या खात्यातच येऊ द्यावी. निदान दरमहाच्या व्याजाइतकी रक्कम तेथे जमा झालीच पाहिजे. ती पूर्णपणे थांबली, तर करारभंग होऊ शकतो आणि मुदत कर्जाच्या अर्जाला बँकेचा अधिकारी सहानुभूतीने पाहणार नाही. शाखेत जाताना पत्नीलाही सोबत न्यावे, कारण सोन्याचा आणि हप्त्याचा निर्णय दोघांचा आहे.