फोर्कनंतर ह्यूज पेजवर एक बाइट लिहिला, तर कर्नलला अख्खे २ एमबी कॉपी करावेच लागतात का?

तुम्ही एक्स८६-६४ साठी स्वतःचा छोटा कर्नल लिहिताय, ४ केबीच्या पेजवर कॉपी-ऑन-राइट (फोर्कने पॅरेंट प्रोसेसची प्रत, म्हणजे चाइल्ड, बनली की पेज दोघांत सामायिक ठेवायचं आणि कोणी लिहिलं तरच कॉपी करायचं) नीट चालतंय, आणि आता २ एमबीच्या पेजवर, म्हणजे ह्यूज पेजवर, राइट फॉल्ट (मनाई असताना लिहिल्यामुळे सीपीयूने कर्नलला दिलेली हाक) आला की काय करायचं, असं विचारलंय. नवं ह्यूज पेज घेऊन सगळं कॉपी करावं, हे आधी सुचणं साहजिक आहे. तसं करू नका. लिनक्सही अनॉनिमस (कुठल्याही फाइलशी न जोडलेल्या) ह्यूज पेजसाठी बरीच वर्षं तेच करायचा. २०२० मध्ये ५.८ आवृत्तीत ती पद्धत सोडून दिली.

फॉल्ट आला की सीपीयूच्या सीआर२ रजिस्टरमध्ये पत्ता असतो. एरर कोडचे बिट ० आणि बिट १ दोन्ही लागलेले असले, तर पेज जागेवर आहे पण लिहायला मनाई आहे. त्या पत्त्याच्या मॅपिंगला मुळातच लिहायची परवानगी नसेल, तर सेगमेंटेशन फॉल्ट द्या आणि विषय संपवा. परवानगी असेल तर पेज टेबलचं लॉक घ्या आणि पीएमडी एंट्री (पेज टेबलांच्या उतरंडीत २ एमबीचा पट्टा दाखवणारी नोंद) पुन्हा वाचा. लॉक मिळेपर्यंत दुसऱ्या थ्रेडने तोच फॉल्ट निस्तरलेला असू शकतो. एंट्री बदललेली दिसली तर काहीही न करता परत फिरा, सीपीयू ती इन्स्ट्रक्शन आपोआप पुन्हा चालवेल.

आता खरा प्रश्न: हे पेज आणखी कोणी धरून ठेवलंय का? कॉपीचा विचार त्यानंतर. फोर्कनंतर चाइल्डने लगेच एक्झेक केलं (स्वतःच्या जागी नवा प्रोग्रॅम चढवला) किंवा तो संपला, की पेज एकट्या पॅरेंटचं उरतं. अशा वेळी एंट्रीत राइट आणि डर्टी बिट लावले की झालं. एकही बाइट कॉपी होत नाही आणि २ एमबीचा पूर्ण पट्टा एका फटक्यात लिहिण्याजोगा होतो.

पण 'कोणी धरलंय का' हे ठरवताना किती पेज टेबलांत मॅप आहे एवढंच मोजू नका, एकूण रेफरन्स मोजा. लिनक्समधली सीव्हीई-२०२०-२९३७४ ही त्रुटी याच फरकातून आली. चाइल्ड व्हीएमस्प्लाइस या सिस्टिम कॉलने पेज कॉपी न करता पाइपमध्ये टाकतो, त्यामुळे एक रेफरन्स अडकून राहतो. मग तो स्वतःचं मॅपिंग काढून टाकतो. मॅपिंग एकच उरलं, म्हणून कर्नल पॅरेंटला त्याच पेजवर लिहू देतो, आणि पॅरेंटने नंतर लिहिलेला मजकूर चाइल्ड पाइपमधून वाचतो. पुढे २०२२ मध्ये, ५.१९ आवृत्तीत, अनॉनिमस पेज एकाच प्रोसेसचं आहे हे सांगणारा वेगळा फ्लॅगच आला.

दुसरं कोणी धरलेलं असेल, तर फॉल्ट आलेल्या प्रोसेसमधलं फक्त मॅपिंग फोडा. एका पीएमडी एंट्रीच्या जागी ५१२ एंट्र्यांचं पेज टेबल बसवा. त्या सगळ्या एंट्र्या त्याच फिजिकल पेजच्या तुकड्यांकडे बोट दाखवतात. पेज स्वतः अखंडच राहतं. मग नेहमीच्या ४ केबीच्या वाटेने एक तुकडा कॉपी करा. तुमच्याकडे ही वाट आधीच चालतेय, म्हणजे नवं काम थोडंच आहे.

इथे दोन गोष्टी जपा. ते ५१२ एंट्र्यांचं टेबल ह्यूज पेज मॅप करतानाच बाजूला काढून ठेवा. लिनक्स हेच करतो, म्हणजे ऐन फोडायच्या वेळी मेमरी संपली म्हणून अडत नाही. दुसरं म्हणजे क्रम. आधी जुनी एंट्री अवैध करा, टीएलबी (पत्त्यांची भाषांतरं साठवणारा सीपीयूमधला कॅशे) फ्लश करा, मगच नवं टेबल जोडा. एकाच पत्त्यासाठी टीएलबीत ४ केबी आणि २ एमबी अशा दोन्ही नोंदी एकत्र आल्या, तर काही प्रोसेसर मशीन चेकपर्यंत (हार्डवेअर बिघाडाच्या इशाऱ्यापर्यंत) जाऊ शकतात. ही चूक चाचणीत सहसा सापडत नाही, म्हणून हा भाग शांत डोक्याने लिहा.

हे लिनक्सवर डोळ्यांनी पाहता येतं. २ एमबीच्या सीमेवर जुळलेला तेवढाच तुकडा घ्या, एमअ‍ॅडव्हाइसने (मेमरी कशी वापरणार हे कर्नलला सांगणाऱ्या कॉलने) ह्यूज पेज मागा, त्यात लिहा, फोर्क करा आणि चाइल्डमधून एक बाइट लिहा. प्रॉकमधल्या, प्रोसेसची मेमरी दाखवणाऱ्या एसमॅप्स फाइलीत त्या तुकड्यापुढे अनॉन-ह्यूज-पेजेसचा आकडा चाइल्डमध्ये २०४८ केबीवरून शून्यावर येतो, पॅरेंटमध्ये २०४८ च राहतो. आता चाइल्ड जिवंत असताना पॅरेंटने लिहिलं, तर त्याचंही मॅपिंग फुटतं, कारण उरलेले ५११ तुकडे चाइल्डने अजून धरलेले असतात.

याची किंमत आहेच. मॅपिंग फुटलं की टीएलबीवरचा ताण वाढतो, आणि पुन्हा ह्यूज पेज जुळवायला लिनक्सला मागे एक वेगळा कर्नल थ्रेड ठेवावा लागतो. तरी माझ्या मते सौदा चांगला आहे. स्नॅपशॉटसाठी फोर्क करणारा डेटाबेस घ्या: विखुरलेल्या प्रत्येक छोट्या लेखनामागे २ एमबी कॉपी झाले, तर लेटन्सी आणि मेमरी दोन्ही हाताबाहेर जातात.

ह्यूजटीएलबीची पेजेस मात्र या वाटेने नेता येत नाहीत. ती राखीव साठ्यातली असतात आणि मॅपिंग असं फोडता येत नाही, म्हणून तिथे पूर्ण पेजच कॉपी करावं लागतं. साठा रिकामा असेल तर लिहायला गेलेल्या चाइल्डला सिगबस हा सिग्नल मिळतो. तुमच्या कर्नलमध्ये असा राखीव साठा नसेल, तर हा भाग सध्या लिहूच नका.