मधल्या पातळीचे इंग्रजी शब्द अर्थासह लक्षात कसे ठेवायचे?

मराठी माध्यमात शिकलात, साधं इंग्रजी जमतं पण इंग्रजी अग्रलेखात अडखळायला होतं, म्हणून पाचशे शब्दांची अर्थासह यादी हवी, असं तुम्ही विचारलंय. तशी वही मीही केली होती. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. त्यात 'इव्हेंच्युअली : शेवटी, अखेर' असं होतं. नोकरी लागल्यावर साहेबांना ऐटीत मेल केला, 'आय विल इव्हेंच्युअली सेंड द रिपोर्ट.' मला म्हणायचं होतं, आज ऑफिस सुटेपर्यंत पाठवतो. साहेब टेबलापाशी येऊन म्हणाले, "इव्हेंच्युअली म्हणजे कधी? दिवाळीनंतर?" त्या शब्दात बराच वेळ गेल्यावर, हो-ना करता करता एकदाचं, असा भाव आहे. तो वहीत कुठे होता?

तेव्हापासून उजवीकडे कोशातला अर्थ लिहायचं सोडलं. तशा वेळी आपण मराठीत काय बोलतो ते लिहितो. रिलक्टंटला कोशात 'अनिच्छुक' सापडतो. घरात असं कोण बोलतं? 'आय वॉज रिलक्टंट टु गो', म्हणजे जायचं जीवावर आलं होतं. बेअरली म्हणजे जेमतेम, धावत जाऊन गाडी पकडली तेव्हाचं. ऑक्वर्ड म्हणजे अवघडल्यासारखं. स्टेल म्हणजे शिळं, आणि इंग्रजीतही पाव शिळा होतो तसा विनोदही शिळा होतो.

शब्द कुणाबरोबर येतो तेही टिपा. कडक चहा स्ट्राँग टी, पण जोराचा पाऊस हेवी रेन. इथे तर्क लढवू नका, जोडीच पाठ करा.

शब्द निवडताना स्पर्धा परीक्षांच्या गाइडमधले भारदस्त शब्द आधी बाजूला ठेवा. इंग्रजीचे शिक्षक मायकेल वेस्ट यांची 1953 ची सुमारे 2000 नेहमीच्या शब्दांची यादी आहे, ती तुम्हाला बहुतेक येत असेल. त्यापुढे भाषा-अभ्यासक एव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 सालची यादी घ्या, 570 शब्दकुटुंबांची, म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं एकत्र धरून. ती अभ्यासाच्या पुस्तकांवरून केलीय, पण अग्रलेखात अडवणारे बरेच शब्द तिथे भेटतील. वरचे इव्हेंच्युअली आणि रिलक्टंट तिथलेच. अर्थासाठी लाँगमनचा शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश बघा. त्यातल्या व्याख्या साधारण 2000 सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात.

दिवसाला पाच शब्द पुरे. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू हाताने झाकून आधी कालचे पाच म्हणायचे, मग नवे. वीस-वीस करायला गेलात की आठवड्यात वही बंद पडते; माझी दोनदा पडली.