बातमीतले 75 टक्के

प्रश्न : डॉक्टर, आम्ही मानेवाड्याला राहतो. माझ्या मिस्टरांना (वय 47) हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार आहे, रक्ताच्या अहवालात सीएजी (जनुकातला पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) 44 आलंय. हातपाय सारखे हलतात. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, नेलं की लोक म्हणतात, हा सकाळीच पिऊन आला. सासरेही असेच गेले, त्यांना तर घरच्यांनीच बेवडा ठरवलं होतं. जीन थेरपीने 75 टक्के फरक पडतो असं वाचलं. बाहेरगावचा एक क्लिनिकवाला स्टेम सेलच्या इंजेक्शनचे सहा लाख सांगतो. प्लॉट विकावा का? मुलगी सोळाची आहे, तिची तपासणी आत्ताच उरकून घ्या असं दीर म्हणतात.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, प्लॉट विकू नका.

हंटिंग्टनसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे असं इंजेक्शन फक्त नोंदणी झालेल्या चाचणीतच देता येतं आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. क्लिनिकवाल्याला सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. बहुतेक त्यानंतर त्याचा फोन येणारच नाही.

तुम्ही वाचलेली बातमी मात्र खरी आहे, सप्टेंबर 2025 ची. औषधाचं नाव एएमटी-130. कवटीला छिद्र पाडून, बारीक नळीने ते मेंदूच्या आतल्या भागात एकदाच सोडतात. शस्त्रक्रिया बारा तासांच्या वर चालते. त्यातला निरुपद्रवी विषाणू पेशींना या आजाराच्या मुळाशी असलेलं हंटिंग्टिन हे प्रथिन कमी बनवायला लावतो. 75 टक्के रुग्ण बरे झाले, असा याचा अर्थ नाही. आजार पुढे सरकायचा वेग तेवढा कमी दिसला, म्हणजे एका वर्षात होणारी घसरण चार वर्षांत. तोही जास्त मात्रा घेतलेल्या आणि तीन वर्षं पूर्ण केलेल्या बारा जणांत, औषध न घेतलेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदींशी ताडून. ही तुलना पुरेशी नाही असं अमेरिकी नियामकाचं मत दिसतं, हे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीनेच सांगितलं. मार्च 2021 मध्ये टॉमिनर्सन या हंटिंग्टनवरच्या दुसऱ्या औषधाची मोठी चाचणी मध्येच थांबली होती, त्यामुळे आम्ही न्यूरॉलॉजिस्ट जरा जपूनच बोलतो. तरीही या आजाराचं जनुक 1993 मध्ये सापडल्यापासून आजाराचा वेगच कमी झाल्याची इतकी ठळक खूण मी पाहिली नव्हती. पेपर वाचून मलाही बरं वाटलं, हे लपवत नाही.

पण अशा चाचण्यांत बहुधा सुरुवातीच्या टप्प्यातलेच रुग्ण घेतात. म्हणून चाचणीची वाट न पाहता आज जपायचं ते वजन. या आजारात सतत हालचालीने शरीर खूप ऊर्जा जाळतं आणि घास अडकतो. तर्री-पोहे बंद करा. पातळ रस्सा आणि सुटे दाणे एकाच घासात आले की ठसका लागतो. (नागपूरकराला हे सांगणं जिवावर येतं.) मऊ खिचडीवर सढळ तूप, शिरा, साय घातलेलं घट्ट दही, असं दिवसातून पाच-सहा वेळा द्या. ताठ बसवून, टीव्ही बंद करून. हालचालीसाठी टेट्राबेनाझिन आपल्याकडे मिळतं, पण त्याने काहींचं मन फार खचतं. मिस्टर गप्प झाले, जगण्यात राम नाही असं बोलू लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. गोळी मनाने बंद करू नका. बर्डीवर जाताना आजाराचं नाव लिहिलेलं कार्ड त्यांच्या खिशात ठेवा; पोलीस, कंडक्टर यांना दाखवायला उपयोगी पडतं.

आता मुलगी. लक्षणं नसलेल्या अल्पवयीन मुलांची ही तपासणी करत नाहीत. अहवाल एकदा हातात आला की परत करता येत नाही, आणि तो मागायचा की नाही हे तिने अठराव्या वर्षानंतर, समुपदेशन घेऊन ठरवायचं. बेंगळुरूच्या निमहान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेत तशी सोय आहे. बाबांना काय झालंय हे मात्र तिला आजच सांगा. आजोबांबद्दलही सांगा. ही औषधं कामी आली तर मला वाटतं जास्त फायदा तिच्या पिढीलाच होईल.

आणि दीरांशी एकदा शांतपणे बोला. आजार सासऱ्यांकडून आला असेल, तर जन्मतः 50 टक्के शक्यता त्यांच्याही वाट्याला होती. पुतणीची घाई करणाऱ्या माणसाच्या पोटात स्वतःचीच भीती असू शकते. त्यांना यायचं असेल तर ओपीडीत वेगळे, एकटे येऊ द्या.