स्टड फार्म घेण्याआधी सातबारा वाचा

प्रश्न: पुणे जिल्ह्यात ब्रिटिश काळातला एक स्टड फार्म (घोड्यांच्या पैदाशीची जागा) विकायला आहे. 18 एकर जमीन, दगडी बंगला, आणखी तीन घरं, तबेले, काही घोड्या. घरं पर्यटकांना देऊन कर्जाचे हप्ते निघतील असा माझा हिशोब आहे. मी मुंबईत नोकरी करतो, घराण्यात शेती नाही. 5 लाख टोकन दिलंय. ‘शेतकरी दाखल्याचं मी बघतो,’ असं दलाल म्हणतो. दोन घरांत जुने मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे नोकर) राहतात. काय काळजी घेऊ?

उत्तर: आधी त्या दलालाला थांबवा. बंगला कितीही देखणा असो, सातबाऱ्यावर जमीन शेतीची असेल तर तुम्ही शेतजमीनच विकत घेताय. कूळकायद्याच्या (1948) कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. खोट्या दाखल्यावर खरेदीखत नोंदलं जाईलही, पण पुढे तहसीलदार कलम 84-क खाली व्यवहार अवैध ठरवू शकतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. फौजदारी गुन्हा वेगळाच. पत्नीचं नाव माहेरच्या सातबाऱ्यावर असेल तर खरेदी तिच्या नावे होऊ शकते का, हे तपासण्यासारखं आहे. नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज.

आता उत्पन्नाचं. सातबारा आणि जुने फेरफार निदान 30 वर्षं मागे जाऊन बघा. ‘इतर हक्क’ रकान्यात कुळाचं नाव, बँकेचा बोजा किंवा कूळकायद्याच्या कलम 43 चा (कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय न विकण्याचा) शेरा आहे का? चारही घरांना बांधकाम परवानगी आणि अकृषिक आदेश आहे का? महसूल संहितेतलं शेतघर म्हणजे शेतकऱ्याचं कुटुंब, गडी, जनावरं यांच्यासाठी. पर्यटकांकडून भाडं घेणं त्यात बसत नाही. त्यामुळे कागद नसलेल्या घराचं भाडं तुमच्या हिशोबात शून्य धरा. हे फार जणांना पटत नाही, कारण घर समोर उभं दिसत असतं! शिवाय घरभाडं आणि घोड्यांची पैदास यांचं उत्पन्न आपोआप करमुक्त शेती उत्पन्न ठरत नाही. विक्रेता तसं सांगत असेल तर त्याची विवरणपत्रं मागा.

मोतद्दारांची मला तुमच्याइतकी धास्ती नाही. नोकर किंवा राखणदार कितीही वर्षं राहिला तरी त्यामुळे त्याला मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलंय. मात्र तो पगारी नोकर होता हे कागदाने दिसायला हवं. त्यातला कोणी जमीन कसत असेल, तर प्रश्न कुळाचा होतो आणि ते प्रकरण सोपं नाही. ताबा रिकामा करून देण्याची जबाबदारी साठेखतात (खरेदीआधीच्या करारात) विक्रेत्यावर टाका, आणि त्या माणसांची देणी त्यानेच चुकती करावीत. म्हातारपणी त्यांना रस्त्यावर काढून तुम्ही तिथे सुखाने राहणार नाही, हे माझं खासगी मत.

‘ऐतिहासिक’ हा शब्द जाहिरातीतला आहे की वारसा यादीतला, ते नियोजन प्राधिकरणाकडे विचारा. यादीत असेल तर खिडकी बदलायलाही परवानगी लागू शकते.

घोड्या जंगम मालमत्ता आहेत, खरेदीखतात त्या आपोआप येत नाहीत. प्रत्येकीची स्वतंत्र यादी व किंमत लिहा. थरोब्रेड (शर्यतीच्या जातीच्या) असतील तर पुण्यातल्या स्टड बुक प्राधिकरणाकडे मालकी बदलून घ्या.

टोकनची पावती आहे ना? नसेल तर ती आजच लेखी घ्या. ‘परवानगी न मिळाल्यास किंवा मालकी हक्कात दोष निघाल्यास रक्कम परत’ हे वाक्य त्यात हवंच. विक्रेता ते लिहून द्यायला तयार नसेल, तर पुढचा एक रुपयाही देऊ नका.