कॉलनीच्या ओपन स्पेसवर रोजचा खेळ सुरू करायचा तर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. धुळ्याच्या देवपुरात तुमच्या कॉलनीची ओपन स्पेस पडीक आहे, पोरं दिवसभर मोबाईलमध्ये तोंड घालून बसतात. मुलगी कॅनडातून तिथल्या शहराची खेळांची पुस्तिका पाठवते, त्यात पोहण्यापासून आजीआजोबांच्या व्यायामापर्यंत सगळे वर्ग तिथली नगरपालिकाच चालवते. मग धुळ्याला हे का होत नाही, आणि करून घ्यायचं तर अर्ज कुठे द्यायचा? वरती बऱ्याच जणांनी "आपल्याकडे काही होत नसतं" म्हणून हात झटकलेत. मी जळगावचा. आमच्या भागात या भानगडीत बरीच वर्षं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी "का होत नाही" ते. महापालिका अधिनियम १९४९ चा. त्यात कलम ६३ मध्ये बंधनकारक कामं आहेत: पाणी, गटार, दिवाबत्ती, झाडलोट. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं, आणि खेळांच्या स्पर्धा भरवणं तिथे येतं. ऐच्छिक म्हणजे पैसे उरले तर, आणि पैसे कधी उरत नाहीत. ७४ व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं शहराच्या कामांत स्पष्ट लिहिलेली आहेत, अर्जात तिचा उल्लेख जरूर करा. पण जळगाव काय, धुळे काय, दोन्ही २००३ साली नगरपालिकेच्या महापालिका झाल्या. पाटी बदलली तेव्हा उत्पन्न काही त्या बेतानं वाढलं नाही.

तरी पैसा अजिबात येत नाही असंही नाही. येतो, पण वस्तूंसाठी येतो. जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम, स्वागत कमान यांना योजना असते, टेंडर असतं, उद्घाटन असतं. रोज संध्याकाळी पाच वाजता येऊन शिट्टी वाजवणाऱ्या माणसाच्या महिन्याच्या मानधनाला मात्र कुठली योजना सापडत नाही. आमच्याकडच्या ओपन जिमचंच बघा. पाय हलवायच्या मशीनचं बेअरिंग पहिल्या पावसाळ्यातच वाजायला लागलं. मग कुणीतरी एका बाजूचा पाय ठेवायचा पत्रा काढून नेला, आणि आता त्या दांड्यावर शेजारच्या बाया गोधड्या वाळत घालतात. ग्रीसचा डबा घेऊन महिन्यातून एकदा यायचं कोणाच्या कामात लिहिलेलंच नाही.

म्हणून मुलीनं पाठवलेली पुस्तिका पुन्हा नीट बघा. फोटो सोडा. प्रत्येक वर्गापुढे काय लिहिलंय? जागा, वार, वेळ, वयोगट, फी, शिकवणारा. महापालिकेकडे मागायचं ते हेच. "क्रीडा सुविधा उपलब्ध करून द्याव्यात" असा अर्ज दिलात तर उत्तरात सिमेंटचे बाक येतील. आमच्या एका अर्जाला तेच आले होते.

आता जागा. तुम्ही म्हणता ओपन स्पेस आहे, पण कागदावर ती कोणाची आहे ते आधी काढा. नगररचना विभागातून तुमच्या लेआउटचा मंजूर नकाशा, म्हणजे रेखांकनाची प्रमाणित प्रत मागा. सरळ दिली तर उत्तम, नाहीतर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सोबत त्या जागेचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा. कैक ठिकाणी अजून मूळ शेतमालकाचं किंवा लेआउट पाडणाऱ्याचंच नाव असतं. तसं असेल तर खेळ राहू द्या बाजूला, आधी महापालिकेचं नाव लावून घेण्याचा अर्ज. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं की पुढे एक दिवस तारेचं कंपाउंड उभं राहतं आणि मग पोरं बॉल आणायलासुद्धा आत जाऊ शकत नाहीत.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. लेआउटमधली ओपन स्पेस वेगळी आणि विकास आराखड्यातलं क्रीडांगणाचं आरक्षण वेगळं. आरक्षित जागा बहुधा खाजगी मालकाची असते. आराखडा लागू झाल्यावर १० वर्षांत ती संपादित केली नाही, तर मालक १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण जातं. अशा जागेवर खेळ बसवायच्या भानगडीत पडू नका.

जागा किती लागते? सध्याच्या नियमावलीत ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटला १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. म्हणजे दोन एकरांचा लेआउट असेल तर साधारण आठशे चौरस मीटर. ऐकायला थोडं वाटतं. पण पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. व्हॉलीबॉल १८ बाय ९. खो-खोचं २७ बाय १६, कडेची पट्टी धरून ३० बाय १९. म्हणजे खो-खो आरामात बसतो आणि कडेनं आजीआजोबांना फिरायला वाट उरते. क्रिकेट बसत नाही. पोरं क्रिकेटच मागणार, आणि क्रिकेट आलं की काचा फुटणार, काचा फुटल्या की कॉलनीतलेच लोक मैदानाला कुलूप लावा म्हणून अर्ज देणार. रबरी बॉलसाठी रविवारची सकाळ द्या, बाकी दिवस नाही.

माझं मत विचाराल तर खो-खोनं सुरू करा. एका वेळी आठ पोरं बसतात, नववं पाठलाग करतं, समोरची तीन पळतात, म्हणजे थोड्या जागेत जास्त पोरं कामाला लागतात, आणि सामान म्हणाल तर दोन खांब. जमिनीवर १२० ते १२५ सेंटीमीटर उंच, नऊ-दहा सेंटीमीटर जाडीचे, गोल आणि गुळगुळीत. गावातला कोणताही सुतार करून देतो. फक्त वरची कड घासून घ्या, पोरं पळताना तिथेच हात टाकून वळतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात आपल्या पुरुषांनी आणि महिलांनी दोघांनीही जिंकला, त्यामुळे आता आईबापांना हा खेळ फार समजावून सांगावा लागत नाही.

आता मातीचं सांगतो, कारण यावर कोणी बोलत नाही आणि खेळ इथेच बंद पडतो. आपल्याकडे बहुतेक कॉलन्या कापसाच्या शेतांवर उठलेल्या, खाली काळी माती. पावसात ती चपलेला लोंदा होऊन चिकटते, उन्हाळ्यात तिला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर सरळ चुन्याच्या रेषा मारून खेळ सुरू केलात तर दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने मजेत जातील, पुढे घोटे मुरगळायला लागतील. वरचा थर खरवडायचा, उतार काढायचा, त्यावर मुरूम टाकून पाणी मारून रोलर फिरवायचा, आणि खेळायच्या भागावर चाळलेल्या लाल मातीचा थर द्यायचा. चाळलेल्या हे महत्त्वाचं. ठेकेदार ट्रॅक्टर रिकामा करून निघून जातो, त्यातल्या खड्यांनी कबड्डीत गुडघे सोलून निघतात. अंदाजपत्रकात "मुरूम टाकून सपाटीकरण" एवढंच लिहिलेलं असतं, त्यात चाळणं, पाणी मारणं आणि रोलर हे शब्द बांधकामच्या अभियंत्याकडून घालून घ्या. जागेवर एक नळ आणि लांब पाइप हवाच. रोज खेळाआधी शिंपडलं नाही तर धूळ समोरच्या घरांत जाते, आणि तक्रार कुठून येणार ते तुम्हाला माहीत आहे.

वेळेचं आपल्याकडे ऊनच ठरवतं. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की सकाळी साडेआठनंतर मैदानावर पोरं ठेवायची नाहीत. उन्हाळी शिबिर म्हणजे सहा ते आठ, आणि संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर. संध्याकाळचं म्हटलं की दिवे आले. विद्युत विभागाकडे हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा मोठ्या दिव्यांचा झुबका, मागू नका, तो मिळायला वर्षं जातात. आहे त्या पथदिव्याच्या खांबांवर मैदानाकडे तोंड करून दिवे लावून मागा.

दिव्यांचा प्रश्न खरं म्हणजे मुलींचा आहे. उजेड नाही आणि जवळ संडास नाही, तिथे सातवी-आठवीनंतर मुलगी येत नाही, तुम्ही कितीही बॅनर लावा. दुसरं कारण घरचं. आई सोबत आली तर मुलगी येते. म्हणून त्याच वेळेला आयांसाठी चालण्याचा किंवा योगाचा वर्ग ठेवा, दोन्ही एकमेकींना धरून टिकतात. आणि सुरुवात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला करा. आपल्याकडे आखाजी हा मुळातच लेकीबाळींच्या खेळण्याचा सण. माहेरवाशिणी आलेल्या असतात, झाडाझाडाला झोके असतात, गौराईची गाणी चाललेली असतात. त्या चार दिवसांत चाळिशीच्या बाया लंगडी खेळताना मी पाहिल्यात, एरवी त्याच बाया मैदानाच्या कडेनंसुद्धा जात नाहीत. त्यावेळी आलेल्यांची नावं आणि नंबर वहीत घ्या. जूनपासून महिलांचा वर्ग त्याच नावांवर उभा राहतो.

पैसे. शिकवणाऱ्याचं मानधन कुठून? महापालिकेच्या अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के राखीव असतात, मुलींच्या कराटे-ज्युदोच्या प्रशिक्षणाला त्यातून खर्च करायची पद्धत आहे. दिव्यांगांसाठी वेगळे पाच टक्के असतात, आणि पुष्कळदा ते मार्च उजाडेपर्यंत खर्चच झालेले नसतात. तुमच्या कार्यक्रमात दिव्यांग मुलांची एक बॅच असेल तर त्या विभागाचा अधिकारी उलट तुमची वाट बघत असेल. मात्र अर्ज नोव्हेंबर-डिसेंबरात गेला पाहिजे. फेब्रुवारीत अंदाजपत्रक तयार होऊन बसलेलं असतं, तेव्हा गेलात तर "पुढच्या वर्षी बघू". नगरसेवकाला भेटा, पण पत्र आयुक्तांच्या नावानं द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय घरी येऊ नका.

शिकवणारा माणूस शोधणं वाटतं तेवढं अवघड नाही. बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी करून घरी बसलेली पोरं खानदेशात गल्लीगल्लीत आहेत, पोलीस भरतीची तयारी करणारेही आहेत. भरतीवाल्याला एकट्याला नेमू नका, निवड झाली की तो जातो, आणि जायलाच हवं. एक बीपीएडवाला किंवा निवृत्त क्रीडाशिक्षक मुख्य, एक भरतीवाला मदतीला, अशी जोडी टिकते.

फी ठेवा. पन्नास रुपये का असेना, महिन्याला. फुकट म्हटलं की आईबाप तिसऱ्या दिवशी पोरगं पाठवायचं विसरतात. शेजारच्या वस्तीतल्या ज्या पोरांना तेही जड आहे त्यांची फी वहीत भरलेली दाखवा आणि विषय तिथेच संपवा, कुठे जाहीर करू नका. कॉलनीतले काही लोक "बाहेरची पोरं नकोत" म्हणतील. जागा महापालिकेची आहे एवढंच उत्तर द्या.

काय मागू नये तेही सांगतो. जलतरण तलाव मागू नका. ज्या शहरांत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तिथे तो दोन उन्हाळ्यांत कोरडा पडतो. मैदानात सभामंडप मागू नका, खेळाच्या नावानं बांधतात आणि लग्नाच्या जेवणावळींना भाड्यानं जातो. आणि संस्था नोंदवून जागा कराराने स्वतःच्या ताब्यात घेऊ नका, कोणी कितीही सल्ला दिला तरी. आज तुम्ही चांगले आहात, पुढचे पदाधिकारी कोण असतील? आमच्या बाजूच्या कॉलनीत अशाच एका मंडळानं फाटकाला कुलूप लावलं, आणि आता आत वर्गणीदारांच्याच पोरांना प्रवेश. जागा महापालिकेकडेच राहू द्या, तुम्ही फक्त ठरावीक वेळेच्या वापराची लेखी परवानगी घ्या आणि ती दरवर्षी नवी करा.

गट जमला की जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात एक चक्कर मारा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या असतात, त्यात महापालिका क्षेत्राची स्पर्धा जिल्ह्याहून वेगळी होते आणि जिंकणारा संघ थेट नाशिक विभागाला जातो. पण नोंदणी शाळेकडून होते, कॉलनीकडून नाही, म्हणून पोरांच्या क्रीडाशिक्षकांशी बोलून ठेवा. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण हा विषय आईबापांच्या सभेत एकदा काढलात की हजेरी आपोआप सुधारते. पहिली वॉर्डस्पर्धा १५ जानेवारीला घ्या. खाशाबा जाधवांचा जन्मदिवस म्हणून तो राज्य क्रीडा दिन आहे, त्या दिवशी महापालिकेलाही काहीतरी केलेलं दाखवायचं असतं, आणि थंडीही असते. वर भरीत-भाकरीचा बेत ठेवलात तर गर्दीची काळजी नको.

या आठवड्यात एवढंच करा: रेखांकनाची प्रत मागा आणि संध्याकाळी पाच ते सात त्या जागेवर कोण कोण येतं ते सलग काही दिवस लिहून ठेवा. अर्जाचा मसुदा झाला की इथे टाका, बघून देतो. सर्व्हे नंबर आणि लेआउट मंजुरीची तारीख पहिल्या ओळीत असू द्या, नाहीतर टेबलावरचा बाबू त्याच कारणावरून कागद परत करतो.